अण्णांचे दुरुस्तीपत्रक

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मुरलीधर खटावकर प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. नेहमीप्रमाणे त्यांनी आधी भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहिले, मग मुलीकडे.

“दीड अंश जास्त दाखवतोय हा.”

“मागच्या रविवारीही तेच म्हणालात, अण्णा.”

“मागच्या रविवारीही दीडच जास्त दाखवत होता. चूक कायम असली की चालतं. किती चुकतं ते माहीत हवं, बस.”

केतकीने हसून हात पुढे केला. अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून पुडी काढून तिच्या तळहातावर ठेवली. पुडीवर निळ्या शाईत तारीख होती आणि वेळ होती, साडेआठ. छत्तीस वर्षे महाबळेश्वरच्या वेधशाळेत त्यांनी रोज सकाळी साडेआठला तापमान, आर्द्रता आणि पाऊस यांच्या नोंदी घेतल्या होत्या. निवृत्त होऊन साताऱ्याला राहायला आल्यावर मोजायला फारसे काही उरले नाही, तेव्हा त्यांनी मुलीच्या संशोधनासाठी दर रविवारी त्याच वेळेला नखे कापायला सुरुवात केली. या गोष्टीला एकोणीस वर्षे झाली होती. एकही रविवार चुकला नव्हता. केतकीची आई गेली त्या आठवड्यातला रविवारसुद्धा नाही.

केतकीच्या यंत्राचे नाव नखवाचक. त्यामागची कल्पना साधी होती. नख दिवसाला साधारण एक दशांश मिलिमीटर वाढते. त्या दिवशी रक्तात जे काही फिरत असते, त्याचा अंश नखाच्या त्या दिवसाच्या थरात अडकून राहतो आणि मग कधी बदलत नाही. या थराला तिने दिनरेषा असे नाव दिले होते. मुळाशी तयार झालेली दिनरेषा बोटाच्या टोकाशी यायला सहा महिने लागतात. म्हणजे आठवड्याने कापलेल्या नखात सात दिवसांची रोजनिशी असते, पण ती सहा महिन्यांपूर्वीची. नखवाचक विशिष्ट प्रकाशात एकेक दिनरेषा वाचत असे आणि मूत्रपिंड, यकृत, रक्त यांचा निर्देशांक सांगत असे. निरोगी माणसाचा निर्देशांक शून्य. शून्याच्या जेवढे वर, तेवढे आजाराच्या जवळ.

तिने अंगठ्याचे नख यंत्रात ठेवले आणि उरलेली नऊ नखे नेहमीप्रमाणे काचेच्या बाटलीत टाकली. अण्णा खुर्चीवर बसले. ते जरा जोरात बसले, हे तिला नंतर आठवले. त्यांनी चहाचे दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला.

“चहाला पितळेची चव येतेय.”

“कॅन्टीनवाला बदलायचाच आहे,” पडद्यावरची नजर न काढता केतकी म्हणाली. “हे बघा, पुन्हा शून्य. मूत्रपिंड शून्य, यकृत शून्य, रक्त शून्य. तुमच्यासारखा माणूस जिल्ह्यात नाही.”

अण्णांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, “वेधशाळेत नवा तापमापक आला की त्याच्यासोबत एक दुरुस्तीपत्रक यायचं. हा तापमापक वीस अंशाला किती चुकतो, तीस अंशाला किती चुकतो. ते पाहिल्याशिवाय नोंद करायची नाही. तुझ्या यंत्राचं पत्रक कुठाय?”

“त्याला लागत नाही. ते दर रविवारी स्वतःला तपासून घेतं.”

“कशाशी?”

तेवढ्यात फोन वाजला. तिचे सहकारी डॉ. तन्वीर मुजावर यांचा होता. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून नखवाचक चारशे आरोग्यकेंद्रांत बसणार होते आणि त्याच्या कागदपत्रांत काहीतरी राहिले होते. केतकीने अण्णांना खुणेने ‘नंतर सांगते’ म्हटले. अण्णा थोडा वेळ थांबले. मग टोपी घालून, भिंतीवरच्या तापमापकाकडे पुन्हा एकदा नापसंतीने बघून ते निघून गेले.

मंगळवारी सकाळी ते न्हाणीघरात पडले. शेजाऱ्यांनी रुग्णालयात नेले. केतकी पोहोचली तेव्हा सगळे संपले होते.

कामावर असलेली डॉक्टर तरुण होती आणि केतकी कोण हे तिला माहीत नव्हते. तिने सांगितले की दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी होती, रक्तात पोटॅशियम वाढले आणि हृदय थांबले. मग तिने विचारले, उपचार कुठे चालू होते?

“कुठेच नाही,” केतकी म्हणाली. “त्यांना काही झालं नव्हतं.”

डॉक्टरने चादरीखालून अण्णांचा हात बाहेर काढला. नखांचा मुळाकडचा अर्धा भाग पांढराफटक होता आणि टोकाकडचा तपकिरी. दोहोंच्या मधली सीमा पट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

“हे एका दिवसात होत नाही, ताई. यांची नखं कधी कुणी बघितली नाहीत का?”



तेराव्यानंतर ती प्रयोगशाळेत परतली. तन्वीरने तिची खुर्ची पुसून ठेवली होती आणि टेबलावर कॅन्टीनच्या ऐवजी घरचा चहा होता. तो मूत्रपिंडाच्या आजारांचा डॉक्टर. अण्णांशी त्याचे गेली बारा वर्षे एक भांडण चालू होते. अण्णा त्याला ‘अंदाजपंचे डॉक्टर’ म्हणत आणि तो अण्णांना ‘साडेआठ’ म्हणत असे. आज त्याने त्यातले काहीच काढले नाही. तो सरळ मुद्द्यावर आला.

“शेवटची पुडी मी पुन्हा वाचली. बाटलीतलं दुसऱ्या बोटाचं नख घेऊन. शून्य.”

“मीही घरून यंत्राची नोंद पाहिली. शून्यच.”

“रंग सोड. तो रंग नखात नव्हता, नखाखालच्या त्वचेत होता. पुडीत तो येतच नाही. पण रक्तातली घाण नखात उतरायला हवी होती. सहा महिन्यांपूर्वीही त्यांची मूत्रपिंडं धड असणं शक्य नाही. माझ्या वॉर्डात चार जण आठवड्यातून तीनदा डायलिसिस करून घेतात. त्यांची नखं परवा वाचली. यंत्र काय म्हणालं सांगू? ‘सौम्य’.”

केतकीने चहाचा कप हातात धरला, पण प्यायली नाही. गेली सहा वर्षे दोन तालुक्यांत नखवाचकाची चाचणी चालू होती. अकरा हजार चारशे माणसांची नखे वाचून झाली होती. दर वर्षी मूत्रपिंडाचा सरासरी निर्देशांक थोडा थोडा खाली येत होता. पाच वर्षांपूर्वी गावोगाव शुद्ध पाण्याची योजना आली होती, तिचे हे यश मानले गेले. त्यावर केतकीने निबंध वाचला होता, टाळ्या घेतल्या होत्या. काही जणांचा निर्देशांक तर शून्याच्याही खाली गेला होता. निरोगी माणसापेक्षाही निरोगी. तेव्हा सभागृहात कुणीतरी गमतीने म्हटले होते की सातारकर आहेतच तसे.

“तन्वीर, लोक सुधारत नव्हते,” ती हळू म्हणाली. “शून्य वर सरकत होतं.”

“शून्य कसं सरकेल? ते चाळीस माणसांवरून ठरतं ना?”

“ठरायचं.”

तिने त्याला सगळे पहिल्यापासून सांगितले. काही तिने त्याला नव्याने सांगितले, काही स्वतःला. नखवाचकाचा दिवा वापराने मंद होत जातो, म्हणून त्याला दर आठवड्याला निरोगी माणसांची ताजी नखे दाखवावी लागतात. त्यांच्या सरासरीला यंत्र शून्य मानते. या माणसांना ते प्रमाणदाते म्हणत. सुरुवातीला चाळीस होते. पण नखे कापून पाठवणे हे कंटाळवाणे काम. कुणी विसरे, कुणी दोन महिन्यांची एकदम पाठवी, कुणाच्या पुडीवर तारीख नसे. चुकीच्या पुड्यांनी शून्य बिघडू नये म्हणून चौदा वर्षांपूर्वी केतकीने एक नियम लिहिला. ज्याची नखे वेळेवर येतात आणि ज्याच्या नोंदी पूर्ण असतात, त्याला सरासरीत अधिक वजन द्यायचे. जो अनियमित, त्याचे वजन कमी करत न्यायचे. नियम यंत्राला देऊन ती मोकळी झाली. त्यानंतर त्या तक्त्याकडे कुणीच पाहिले नाही.

तिने आता तो तक्ता उघडला. चाळीस नावे होती. एकोणचाळीस नावांसमोर शून्य पूर्णांक शून्य काहीतरी. एका नावासमोर सत्त्याण्णव टक्के.

तन्वीरने नाव वाचले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे यंत्राच्या लेखी निरोगी माणूस म्हणजे अण्णा.”

“त्यांची तब्येत जितकी खालावली, तितकं यंत्र म्हणालं, हेच आरोग्य. त्यांचं नख मी त्यांच्याच नखाशी ताडून बघत होते. दर रविवारी.” ती थांबली. “त्यांनी मला विचारलं होतं. कशाशी तपासतं म्हणून.”

मग तन्वीर म्हणाला की नवे प्रमाणदाते आठवड्यात गोळा करता येतील. परिचर्या महाविद्यालयातल्या पन्नास मुलींची रक्ततपासणी करून त्यांची नखे घेऊ. यंत्रातला तक्ता बदलू. एक तारखेला अजून बारा दिवस आहेत. त्याने हे अगदी सरळ मनाने सांगितले.

“आणि त्या अकरा हजार लोकांचं?” केतकीने विचारले. “त्यांच्या घरात आपलं शिक्का मारलेलं पत्रक आहे. सगळं ठीक आहे म्हणून.”

“ते बाहेर आलं तर केंद्रं रद्द होतील. तुझं काम पाच वर्षं मागे जाईल. मी नको म्हणत नाहीये. फक्त तुला माहीत असावं.”

“त्यांना कळायला हवं, तन्वीर. अण्णांना कळलं नाही.”

आरोग्य खात्याला पाठवायचे पत्र तिने त्याच दुपारी लिहिले. ते एक पानाचे होते. त्यात ‘तांत्रिक अडचण’ असा शब्द नव्हता. चूक कुणाकडून झाली, तो नियम कुणी लिहिला आणि तो चौदा वर्षे कुणी तपासला नाही, हे नावानिशी होते. तिन्ही ठिकाणी तिचेच नाव होते. खात्याने उद्घाटन पुढे ढकलले. किती पुढे ते सांगितले नाही.

नवे शून्य तयार झाले, तेव्हा केतकीने कपाटातल्या बाटल्या काढल्या. एकोणीस वर्षांच्या नऊशे ऐंशीहून अधिक बाटल्या होत्या, प्रत्येकीवर पुडीवरची निळ्या शाईची तारीख चिकटवलेली. नव्या शून्याशी ताडून तिने त्या क्रमाने वाचायला घेतल्या. पहिली सात वर्षे रेषा सपाट होती. मग ती इतकी सावकाश वर चढू लागली, की कुठल्याही दोन रविवारांत फरक दिसू नये. आई गेली त्यानंतरच्या सहाव्या महिन्यातल्या पुडीत दिनरेषा एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या दिवसांत नख वाढायचेच जवळपास थांबले होते. अण्णा तेव्हा कुणाशी काही बोलले नव्हते. तेराव्या वर्षापासून चढ स्पष्ट होता आणि शेवटच्या दोन वर्षांत तो डोंगर झाला होता.

तन्वीर तिच्या खुर्चीमागे उभा राहून ती रेषा पाहत होता.

“हे असं कुणाकडेही नाही,” तो म्हणाला. “पेशंट आमच्याकडे येतो तेव्हा निम्मा आजार होऊन गेलेला असतो. निरोगी माणसापासून शेवटपर्यंत, एकही आठवडा न चुकता... हे कुणी पाहिलेलंच नाही.”

केतकीच्या मनात तोच विचार चालला होता. अण्णांवरून शून्य ठरवणे चूक होते. पण त्यांच्यावरून मोजपट्टी बनू शकत होती. त्या अकरा हजार माणसांपैकी कुणाचेही नख घ्यायचे आणि ते अण्णांच्या रेषेवर कुठे बसते ते पाहायचे. हा माणूस अण्णा नऊ वर्षांपूर्वी होते तिथे आहे. ही बाई तीन वर्षांपूर्वी होते तिथे.

“एका माणसाची वाट म्हणजे सगळ्यांची नव्हे,” तन्वीर म्हणाला.

“नाही. पण आजपर्यंत आपल्याकडे एकाचीही नव्हती.”

तिने एक कोरा कागद घेतला आणि अण्णांच्या जुन्या पत्रकांसारखे चौकोन आखले. उपकरणाच्या जागी तिने लिहिले, मुरलीधर खटावकर. त्याखाली वर्षे, आणि प्रत्येक वर्षासमोर, शून्यापासून किती दूर. शेवटच्या ओळीपाशी तिचा हात थांबला. ती ओळ भरता येत नव्हती. शेवटच्या पुडीतली नखे सहा महिने जुनी होती. त्यानंतरचे सहा महिने अण्णांच्या हातांवरच होते, मुळापासून टोकापर्यंत, आणि ते हातांबरोबरच गेले होते.

त्या रविवारी ती सदर बाजारातल्या त्यांच्या घरी गेली. गच्चीवर त्यांचे पर्जन्यमापक होते. खोलीत मेजावर नोंदवही होती, निवृत्तीनंतरही ते ती भरत असत. कमाल, किमान, आर्द्रता, पाऊस, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. ती उभ्यानेच शेरे वाचू लागली. ‘पश्चिमेकडे ढग.’ ‘सकाळी धुके.’ मग पाच महिन्यांपूर्वीपासून त्यांत दुसरेच काही येऊ लागले होते.

‘घोटे सुजलेले. दुपारी उतरले. यंत्र शून्य.’

‘जेवणाची वासना नाही. यंत्र शून्य.’

‘अंगाला खाज. तोंडाला पितळेची चव. यंत्र शून्य.’

एका रविवारी त्यांनी रकान्याबाहेर, समासात लिहिले होते. ‘केतकीला सांगावे का? वाचन शून्य आहे. वाचन लिहावे, अंदाज लिहू नये.’

तिने वही मिटली आणि काही वेळ हातात तशीच धरून ठेवली. मग प्रयोगशाळेत परत जाऊन तिने पत्रकाची शेवटची ओळ भरली. तिथे आकडा नव्हता. घोटे, भूक, खाज, चव, असे लिहिले होते. शेवटच्या सहा महिन्यांचे मोजमाप जगातल्या कुठल्याही नखात असणार नव्हते. ते फक्त माणसाला विचारूनच कळणार होते.

नव्या शून्याने तीनशे चाळीस नावे बाहेर काढली. अण्णांच्या रेषेवर जे सर्वांत पुढे होते, ते यादीत वर होते. पहिले नाव ज्ञानदेव शेडगे, वय सहासष्ट, मेढ्याच्या अलीकडचे गाव. त्यांचे नख अण्णांच्या अखेरच्या अकरा महिने आधीच्या जागी बसत होते. तन्वीरने वजाबाकी बोलून दाखवली.

“आणि नख सहा महिने जुनं. म्हणजे आज ते पाच महिन्यांवर असतील. गाडी पाठवतो मी. आधी आरोग्यसेविकेला फोन करायला सांगू?”

“नको, मी करते.”

पलीकडे बऱ्याच वेळाने फोन उचलला गेला. मागे म्हैस ओरडत होती आणि कुणीतरी बाई तिला शिव्या घालत होती. केतकीने आपले नाव सांगितले, नखाच्या तपासणीबद्दल बोलायचे आहे म्हणून सांगितले. म्हातारा खूश झाला.

“आवो म्याडम, तुमच्या मशीननं तर मला फस्क्लास दिलाय. शून्याच्या बी खाली. कागद देवापाशी लावून ठिवलाय सुनंनं. जरा दम लागला, काय दुखलं खुपलं म्हणलं की त्यो कागद दाखवती. म्हणती, आबा, नाटकं करू नका.”

केतकीच्या समोर अण्णांचे पत्रक होते. त्यावर निर्देशांक समजावून सांगण्यासाठी तिने चार वाक्ये लिहून ठेवली होती. तिने ते पत्रक पालथे घातले. समोरची खुर्ची रिकामी होती. एकोणीस वर्षे दर रविवारी त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तिने तारीख विचारली होती, वेळ विचारली होती, पुडी मागितली होती.

“आबा,” ती म्हणाली, “मशीनचं राहू द्या. ते चुकलं होतं. तुम्ही सांगा, तुम्हाला कसं वाटतंय?”